हौद्यातली पंगत

आमच्याकडे मुलगी बघायला चार माणसं जातात आणि गाडी बघायला अकरा. मुलीला निदान स्वयंपाक येतो का एवढं तरी विचारतात. गाडीला कोणी काही विचारत नाही. टायरला लाथ मारतात, हॉर्न वाजवतात, ‘आवाज बरा आहे’ म्हणतात आणि घेऊन येतात. ऐकीव सांगत नाही. त्या अकरातला एक मी होतो.

पाच-सहा वर्षं झाली असतील. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी बारावीला दोनदा बसून दोन्हीदा उठलो होतो आणि तेवढ्या काळात गाडी चालवायला शिकलो होतो. वसईत आमची वाडी. केळी, माठ, अळू, मुळा, वांगी आणि कडेकडेनं मोगरा. पिकवायचं पुरुषांनी आणि विकायचं आईनं, अशी वाटणी. म्हणजे पुरुष असं सांगायचे. खरं तर पिकवायचीसुद्धा बरंचसं आईच. पुरुष पाटाचं पाणी कुठून फिरवावं यावर चर्चा करायचे. चर्चा संपेपर्यंत आईनं पाणी फिरवलेलं असायचं.

आठवडी बाजारात आईची एक जागा होती. चिंचेच्या सावलीला, दोन गोणपाटं पसरतील एवढी. बाजारातल्या जागेला कागद नसतो, एकच कायदा असतो. लागोपाठ दोन बाजार जागा रिकामी राहिली आणि तिसऱ्या बाजारालाही उन्हं चढेपर्यंत माणूस आलं नाही, तर शेजारी बसते तिची जागा. मग रडा नाहीतर भांडा. आईनं वीस वर्षांत एक बाजार चुकवला होता, तो मी जन्मलो त्या दिवशी. त्यावरूनही ती मला अधूनमधून बोलायची.

माल ती डोक्यावरून न्यायची. हारा म्हणजे मोठी टोपली, चांगली मांडीएवढ्या उंचीची. ती भरून डोक्यावर घ्यायची आणि चालत जायचं, मग परत येऊन दुसरी खेप. वीस वर्षांनी मानेनं हात टेकले. बोटांना मुंग्या यायला लागल्या, हातातला विळा सुटायला लागला. डॉक्टर म्हणाले, “बाई, आता डोक्यावर फक्त पदर. आणि उचलायचं ते कमरेपर्यंत, त्याच्या वर नाही.”

बाबा लगेच म्हणाले, “मग बाजार सोड. माल दलालाला देऊ.”

आई म्हणाली, “माल वाडीचा आहे, जागा माझी आहे. जागा सोडणार नाही.”

म्हणून गाडी घ्यायचं ठरलं. आजवर फक्त शेणखत वाहणारी म्हातारी बैलजोडी आणि बैलगाडी काढून टाकली. गाडी आईच्या मानेसाठी घ्यायची होती, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या आठ दिवसांत एकेक जण ते विसरत गेला.

इथं आमच्या घरातली एक रीत सांगायला पाहिजे. आमच्यात बाई थोरल्या दिराशी तोंडावर बोलत नाही. आईला काकांना काही सांगायचं असलं की ती दाराच्या आड उभी राहून मला म्हणायची, “सांग तुझ्या काकांना.” काका चार हातांवर बसलेले असायचे. त्यांना सगळं ऐकू गेलेलं असायचं. तरी मी ते पुन्हा सांगायचो. मग काका म्हणायचे, “सांग तिला.” मी मान वळवून दाराला सांगायचो. मी लहानपणापासून या घरातला टेलिफोन. आणि नुसतं सांगून माझं भागायचं नाही. ज्याचं त्याच्या आवाजात सांगायचो. काकांचा घोगरा, मामाचा नाकातला, आईचा बारीक पण धारदार. लोक हसायचे. लोक हसले की मला काय सांगायचं होतं ते मी विसरायचो.

तर ओटीवर बैठक बसली. काका, बाबा, मुंबईहून मुद्दाम बोलावलेला मामा आणि बाकी शेजारीपाजारी, ज्यांचा या गाडीशी चहापुरता संबंध होता.

काका म्हणाले, “गाडी कशी पाहिजे? गल्लीत शिरली की कुत्र्यांनी उठून बाजूला झालं पाहिजे.”

मामा म्हणाला, “डिझेल. मी सांगतो, डिझेल. आमच्या कंपनीत सगळं डिझेलवर.” मामा कंपनीत वह्या आणि पेन्सिली वाटायच्या खात्यात होता. तिथं डिझेलवर काय चालत होतं, देव जाणे.

बाबा म्हणाले, “दादा म्हणेल तसं.” बाबांचं एवढंच वाक्य. लग्नातही बहुतेक हेच म्हणाले असतील.

शेजारचा एक जण म्हणाला, “पाचूबंदरच्या मासळीवाल्याकडे बघितली का? बर्फाच्या लाद्या उभ्या राहतात आत. अशी घ्या.” आमच्या वाडीत बर्फ फक्त सरबतात यायचा, तोही लग्नाच्या. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या.

दाराआडून आई म्हणाली, “सांग तुझ्या काकांना. तीन गोष्टी. मागची फळी माझ्या कमरेला आली पाहिजे. गाडी गल्लीतून आत विहिरीपर्यंत आली पाहिजे. आणि बाजाराच्या दिवशी गाडी दुसरीकडे जायची नाही. चौथी गोष्ट मला नको.”

किती सरळ होतं. शेंबड्या पोरानंही नीट पोचवलं असतं. मी काय केलं? खांद्यावरचा पंचा डोक्यावरून पदरासारखा घेतला, एक हात कमरेवर ठेवला, मान वाकडी केली आणि आईच्या आवाजात म्हणालो, “फळी माझ्या कमरेला आली पाहिजे!” ओटी फुटली हसून. काकांना ठसका लागला. ते डोळे पुसत म्हणाले, “कमरेला? मग गाडी कशाला, एक पाटच घेऊन देऊ तिला!” पुन्हा हशा. दुसरी आणि तिसरी गोष्ट त्या हशात कुठं गेली, कोणी बघितलं नाही. आत आईच्या बांगड्या वाजत होत्या त्या थांबल्या. मला ते कळलं. पण दहा माणसं आपल्यावर खूश असताना बांगड्यांकडे कोण लक्ष देतो?

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा तिनं मला केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या सालीची, एक दोरी दिली. एका जागी गाठ मारलेली. म्हणाली, “जमिनीपासून गाठीपर्यंत माझी कंबर. फळी गाठीच्या वर गेली तर गाडी घ्यायची नाही. तोंडानं तर तुला जमत नाही, हे तरी नीट पोचव.”

सातिवलीला एका गोदामाच्या अंगणात जुन्या गाड्या विकायला उभ्या असायच्या. विकणारा माणूस आमची वरात बघून खूश झाला. म्हणाला, “या शेठ. ही मोठी बघा. एकच हात फिरलाय. डॉक्टरनं वापरलेली.” डॉक्टर चारचाकी टेम्पो घेऊन पेशंट बघायला जायचा का, असं कोणी विचारलं नाही. उलट मामानं “वाटतंच आहे” म्हणून मान हलवली.

तीन गाड्या होत्या. एक तीनचाकी टेम्पो, नाकाड पुढं आलेलं, चिचुंद्रीसारखा. दुसरी जीपच्या तोंडाची, मागं उघडी. आणि तिसरी ही मोठी, उंच हौद्याची, कपाळावर पंख पसरलेला गरुड काढलेली. काका गरुडासमोर जाऊन उभे राहिले. दोघंही एकमेकांकडे सारख्याच नजरेनं बघत होते.

सगळे थंड पेय पीत होते तेव्हा मी गुपचूप दोरी लावली. तीनचाकीची फळी गाठीला बरोबर. जीपवालीची चार बोटं वर. मोठीची गाठीच्या वर अख्खा हातभर. मी दोरी खिशात घातली. सांगायला काकांकडे निघालोही होतो. वाटेत मोठ्या गाडीचं दार उघडं होतं. सहज चढून बसलो आणि हॉर्न दाबला. दोन सुरांचा हॉर्न होता. अंगणातली कोंबडी उडाली, गेटवरचा माणूस उभा राहिला. मला वाटलं, मी कोणीतरी आहे. खिशातली दोरी खिशातच राहिली.

मग काकांनी फर्मान काढलं, “हौद्यात पंगत बसवा.”

आमच्यात काहीही मोजायचं असलं की पंगतीनं मोजतात. मांडव केवढा, तर चाळीस पानांचा. ओटा केवढा, तर बारा पानांचा. इथपर्यंत ठीक आहे, तिथं माणसं खरंच जेवतात. पण या माणसांनी सातिवलीच्या गोदामाच्या अंगणात चपला काढल्या, एकमेकांना ढकलून हौद्यात चढवलं आणि मांड्या घालून ओळीनं बसले. मीही बसलो, कडेपासून दुसरा. मामा वाढपी झाला. तो हातात नसलेलं भांडं घेऊन “वरण, वरण” करत पुढून गेला, कारण वाढप्याला वाट किती राहते हे बघायचं होतं. एकानं ताट पुढं सरकवल्यासारखा हात केला आणि म्हणाला, “अजून घाला.” विकणारा माणूस तोंड फिरवून बिडी पेटवत होता. बिडी तीनदा विझली.

बसायला माणसं दहाच, म्हणून एक रांग बसवायची आणि समोरची तेवढीच धरायची. मोठीत दोन रांगा मिळून वीस पानं बसली. जीपवालीत बारा. तीनचाकीत सहा, आणि वाढप्याला वाट नाही.

“वाट नाही म्हटल्यावर प्रश्नच मिटला,” काका म्हणाले.

“दादा म्हणेल तसं,” बाबा म्हणाले.

पाच हारे भाजी वाहायला वीस पानांची गाडी घेऊन आम्ही परत आलो. ती गल्लीत शिरलीच नाही. दोन्ही बाजूंना कुंपणं, मधून बैलगाडी जाईल एवढी वाट. मग तिला गल्लीच्या तोंडाशी उभी केली. आई पूजेचं ताट घेऊन शंभर पावलं चालत आली. गाडीला कुंकू लावलं. मागं गेली आणि फळीसमोर उभी राहिली. फळी तिच्या हनुवटीला येत होती.

तिनं मला विचारलं, “दोरी लावलीस?”

मी म्हणालो, “लावली. काकांना सांगितलं.”

ती म्हणाली, “कुणाच्या आवाजात?”

तिनं ताट उचललं आणि गेली.

पहिल्या बाजाराला मी पाचही हारे गल्लीतून आणले, वर चढवले, आई शेजारी बसली आणि निघालो. आता ही गाडी मुळात दगडविटा वाहायची. तिच्या खालचे स्प्रिंगचे पाटे लोखंडाचे आणि कडक, वर भरपूर वजन असलं तरच दबणारे. वर काय, तर अळू आणि मोगरा. खड्डा आला की हौदा उडायचा, हारे हवेत जायचे आणि परत आपटायचे. बाजारात पोचून मागचा फाळका उघडला. केळी काळी पडली होती, अळूची पानं फाटली होती, वांगी मोगऱ्यावर जाऊन बसली होती. आईनं एक केळं उचललं, दाबलं, खाली ठेवलं.

“घरी घे,” ती म्हणाली.

“आई, जागेवर बस तरी.”

“असला माल घेऊन बसले तर जागा राहील आणि गिऱ्हाईक जाईल. घरी घे.”

पहिला बाजार रिकामा गेला. मामाला कळलं तेव्हा तो म्हणाला, “वजन कमी पडतंय. दगड भरा.” म्हणजे भाजी न्यायला गाडी आणि गाडी न्यायला दगड. याच डोक्याचा तो कंपनीत पगार घेत असणार.

दुसऱ्या बाजाराच्या दिवशी आईनं सकाळी सांगितलं, “सांग तुझ्या काकांना, आज बाजार आहे.” मी सांगितलं. काका म्हणाले, “सांग तिला, आज गाडी नायगावला जातेय.” काकांच्या मित्राला तिथून कपाट आणायचं होतं. एक कपाट. वीस पानांच्या हौद्यात ते कपाट एकटं उभं राहून आलं, आणि गाडी मीच चालवत होतो. तेवढ्या वेळात आईनं टांगा शोधला. टांगेवाला ओल्या भाजीला गादीवर घेईना. म्हणाला, “गादी कुजते.” दुसराही बाजार रिकामा गेला. संध्याकाळी बाजारातून कोणीतरी निरोप आणला की शेजारी सुकी मासळी विकायला बसते त्या अर्नाळ्याच्या बाईची टोपली चिंचेखाली सरकायला लागली आहे.

त्या आठवड्यात मी एकदा काकांची नक्कल करून तिला हसवायला गेलो. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माठ निवडत राहिली.

तिसरा बाजार आला आणि त्याच दिवशी काकांच्या मेहुण्याच्या घरचं लग्न. मुलीकडचे चिंचोटीच्या बाजूचे. काकांनी गाडी आली त्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की वऱ्हाड आमच्या गाडीतून जाईल. हौद्यात सतरंज्या घातल्या. नऊवारी आणि अत्तर, फेटे आणि नारळ, सगळे चढून बसले. काका फेटा बांधून केबिनमध्ये माझ्या शेजारी. मी किल्ली फिरवली, पुढं बघितलं आणि पाय क्लचवरच राहिला.

गाडीपुढं रस्त्यावर आडवे पाच हारे मांडले होते. भरलेले. आई त्यांच्या मागं उभी होती. पाचही हारे तिनं एकेक करून कमरेवर घेऊन गल्लीतून आणले होते, म्हणजे पाच खेपा.

काका मला म्हणाले, “विचार तिला, हे काय चाललंय.”

माझं तोंड सवयीनं उघडलं. आई म्हणाली, “त्याला विचारू नका, भावोजी. मी इथं उभी आहे. मला विचारा.”

हौद्यातली माणसं कडेवरून डोकावायला लागली. काकांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. “काय म्हणते ती?”

“ऐकू आलंय तुम्हाला,” आई म्हणाली. “वीस वर्षं ऐकू येतंय. आज तिसरा बाजार. उन्हं चढायच्या आत मी बसले नाही तर माझी जागा गेली. ही गाडी कशासाठी घेतली ते या सगळ्यांसमोर सांगा, मग मी बाजूला होते.”

काका घाम पुसायला लागले. फेटा पुसला जात होता, कपाळ तसंच राहत होतं. ते बाबांना हाक मारायला लागले. मागून बाबांचा आवाज आला, “दादा म्हणेल...” आणि पुढचं त्यांना स्वतःलाच म्हणवलं नाही.

माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा कोणाचाच आवाज काढला नाही. त्यात काही मोठेपणा नव्हता, मी नुसता घाबरलो होतो.

हौद्यातून मेहुण्याची एक म्हातारी आत्या वाकली आणि ओरडली, “अगो, दे ती टोपली वर! नवरदेव काय पळून जातोय? इथं बसलेल्या बाप्यांना हात नाहीत का?”

मी उतरलो. मी खालून एकेक हारा दिला आणि वरून आठ-दहा हात खाली आले. ज्या फळीपर्यंत आईचे हात पोचत नव्हते तिथं शालू नेसलेल्या बायका माठाच्या जुड्या मांडीवर घेऊन बसल्या. मामाच्या मांडीवर केळ्यांचा हारा आला. त्याचा कोट नवा होता. तो म्हणाला, “अरे, चीक लागेल.” आत्या म्हणाली, “लागू दे. पुसायला डिझेल आण.” मामाचं डिझेल तोपर्यंत पाहुण्यारावळ्यांनाही पाठ झालं होतं.

आई केबिनमध्ये काकांच्या शेजारी बसली. काका दाराला इतके चिकटून बसले की मला वाटलं, वळणावर बाहेर पडतील. आणि गंमत म्हणजे हौद्यात माणसं भरली होती म्हणून गाडी लोण्यासारखी चालली. एक पान फाटलं नाही.

बाजारात चिंचेखाली अर्नाळ्याच्या बाईचे बोंबील आईच्या अर्ध्या जागेवर पसरले होते.

“आलीस?” ती म्हणाली. “मला वाटलं, येत नाय आता.”

“जागा घेतलीस?”

“कोन म्हनतो? मी राखत होते तुझी.”

“बोंबील पसरून?”

“मोकळी ठेवली असती तर दुसरीनं घेतली असती. उपकार काय नाय लोकांना.” असं म्हणत तिनं बोंबील एका हातानं गोळा केले, अगदी सावकाश, म्हणजे आपण घाबरलो नाही हे सगळ्यांना दिसावं. आईनं गोणपाट अंथरलं आणि बसली. सूर्य चिंचेच्या शेंड्यावर आला होता. वऱ्हाडातल्या दोन बायकांनी तिथंच तिच्याकडून मोगरा घेतला आणि केसात माळला.

लग्नाला आम्ही उशिरा पोचलो. मुहूर्त मिळाला, पण नवऱ्याकडच्या पाहुण्यांच्या शालूंना माठाची पानं चिकटलेली आणि मामाच्या कोटावर केळीच्या चिकाचा डाग, असं मुलीकडच्यांनी बघितलं. जेवणात काकांना वाढप्यानं दोनदा विचारलं तरी नुसती मान.

दोन दिवस घरात गाडीचा विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी काका ओटीवर आले, मला म्हणाले, “सांग तिला, तो सातिवलीवाला, ती लहान गाडी अजून उभी आहे त्याच्याकडे.”

आई आत अळूची पानं पुसत होती. तिला ऐकू गेलं होतं. तिनं हात थांबवला नाही.

मी म्हणालो, “तुम्हीच सांगा. आत आहे.”

काकांनी माझ्याकडे रोखून बघितलं. पान थुंकून आले, उपरणं झटकलं, परत खांद्यावर टाकलं. मग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि चौकटीच्या वरच्या लाकडाकडे बघत म्हणाले, “गाडी बदलू म्हणतो.”

“कधी?” आई म्हणाली.

“सोमवारी,” काका लाकडाला म्हणाले.

“सोमवारी मोगरा तोडायचाय. मंगळवारी जाऊ. मी येणार आहे.”

काका परत ओटीवर आले, बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “मंगळवारी म्हणते.”

“ऐकलं मी,” मी म्हणालो.